सातवा रॉड

नाना, तुमच्या दहाव्याला कावळा बघता बघता शिवला. पिंड मांडून होतंय न होतंय तोच तो बाभळीवरनं उतरला आणि मंडळी हात झटकून मोकळी झाली. "मागं काय बी ऱ्हायलं न्हाई गड्याचं. तृप्त गेला," तुमच्या भावकीतलं कुणीतरी म्हणालं. मी बायकांच्या मागे, नदीच्या पायरीवर उभी होते. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तुमचं काही राहिलं नसेल, पण माझं राहिलं होतं.

परतताना कुपवाडची सगळी बोरगाडीवाली मंडळी झाडाखाली जमली होती. बोलणं अर्थातच तुमच्यावर आलं. कुणी जतचा बोर काढला, कुणी खटावचा, आणि मग एकानं ती गोष्ट काढली. "नानांनी जल्मभर बोर मारलं, पर पाणी लागल्यालं भोक शिमिटानं बुजवणारा ड्रिलर आख्ख्या दोन जिल्ह्यांत ह्यो एकलाच." दुसरा म्हणाला, "कोळशाच्या खाणीवर न्हवं का? म्याडम थांबा म्हणत हुत्या, ह्यो गडी थांबतोय व्हय!" सगळे हसले. हसणं मायेचंच होतं, त्यात वाईट काही नव्हतं. त्या गोष्टीतली म्याडम मीच, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मीही हसले. तुमच्या गाडीवरचा मदतनीस दौलत तेवढा हसला नाही. तो खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसला.

हे लिहायला बसले ती त्या हसण्यामुळे. त्या बोरच्या नोंदीत चूक एकट्या तुमच्या नावावर आहे. ती तुमची एकट्याची नव्हती. तुम्हाला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आठ वर्षं आपण एकमेकांसमोर बसून चहा पीत राहिलो. आता तुम्ही नाही म्हटल्यावर ते एकट्या मलाच माहीत उरलं, असं मला त्या दिवशी झाडाखाली वाटलं. तेच सरळ करायचं आहे. मध्ये थोडं इकडचंतिकडचं बोलेन, ते चालवून घ्या.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवते का? मी माधवनगरची, मिलमध्ये मागावर काम करणाऱ्याची मुलगी. भूशास्त्र शिकून आले आणि पहिलंच काम मिळालं म्हणून गाडी ठरवायला कुपवाडला तुमच्या प्लॉटवर आले. तुम्ही गाडीखाली होतात. अर्धं अंग बाहेर काढून माझ्याकडे पाहिलंत.

"तुमी दगूड शिकलाय म्हंजे, शाळंत?"

"कॉलेजात."

"आमी त्यो खाल्लाय," असं म्हणून तुम्ही परत गाडीखाली गेलात. मला एवढा राग आला की दुसरी गाडी ठरवायची म्हणून मी गेटपर्यंत गेले होते. मागनं हाक आली, "आवं म्याडम, च्या तरी पिऊन जावा." तो चहा मी प्यायले आणि पुढची सोळा वर्षं दुसरी गाडी ठरवली नाही.

खरंच तुम्ही दगड खाल्लेला होतात. बोरमधून उडणारा चुरा मी भिंगाखाली धरायची आणि तुम्ही चिमूटभर जिभेवर ठेवायचात. बहुतेक वेळा उत्तर एकच यायचं, मग आधी कोण म्हणालं यावरून भांडण. तुम्ही तळहातावर नारळ धरून पाणी बघायचात त्यावरही मी यथेच्छ तोंडसुख घेतलं. तुम्ही म्हणायचात, "नारळ उभा ऱ्हायला न्हाई तर फोडून खाता तरी येतोय, तुमच्या मशीनचं काय करायचं?" आणि फोडलेला नारळ खाणाऱ्यांत मीही असायची.

आणि माझं जेवण. आमच्या जैनांच्या घरात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, आणि जेवताना मध्ये उठलं तर ताट संपलं. जतच्या एका कामावर बोर लांबला, सूर्य बुडाला, आणि मी डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला. मी कुणाला बोलले नव्हते. सकाळी दौलतनं तो भरलेला डबा पाहिला आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही असे भडकलात की शेतकरी बिचारा आपल्याच शेतातून निघून गेला. "उपाशी? माझ्या गाडीवर? आवं, माणूस उपाशी ठिवून पाणी लागतंय व्हय कुठं!" त्या दिवसापासून गाडीचा नियम झाला, की ऊन उतरलं की बोरात हवा मारणारा कॉम्प्रेसर बंद. म्याडम जेवणार, बाकीचे चहा घेणार. "माणूस जेवतंय तवा त्येच्या कानाशी ढणाढणा कराय नगं." लोक हसायचे, कामाचा खोळंबा होतो म्हणून कुरकुरायचे. तुम्ही ढिम्म. माझ्या सख्ख्या भावानं माझ्या जेवणाची इतकी काळजी कधी केली नाही नाना, हे मी तुम्हाला एकदाही बोलून दाखवलं नाही.

आता ते काम. तिकडे वणीच्या बाजूला कोळशाच्या उघड्या खाणीभोवती निरीक्षणाचे बोर मारायचे होते. खाण खोल जाते तसं तिच्यातलं पाणी रात्रंदिवस उपसतात, आणि भोवतालच्या गावांच्या विहिरी खाली जातात. खाणवाले म्हणतात, आमच्यामुळे नाही, पाऊस कमी. गाववाले म्हणतात, तुमच्यामुळेच. मग मध्ये एक बोर मारायचा, त्यात पाइप सोडायचा, वर कुलूप लावायचं आणि दर महिन्याला पाणी किती खोल गेलं ते मोजायचं. काम मला मिळालं आणि मी तुमचीच गाडी नेणार म्हणून हटून बसले. कुपवाडहून तिथवर गाडी न्यायला अडीच दिवस लागले. वाटेत तुम्ही तीनदा फोन करून तेच विचारलंत.

"म्हंजे पाणी काढायचं न्हाईच?"

"नाही. मोजायचं."

"नुसतं मोजून तहान भागती व्हय?"

"मोजल्याशिवाय कोण देणार आहे, नाना?"

हे आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. आपण काळ्या कातळातली माणसं. आपल्याकडे बोर कोरडा गेला की ड्रिलर त्या गावातून मान खाली घालून गाडी काढतो, आणि पाणी लागलं की त्याच्या कपाळाला गुलाल लागतो. जन्मभर ज्याची लाज त्याच गोष्टीचं काम मी तुमच्या हातात दिलं होतं. हे मला तेव्हाच नीट कळायला हवं होतं.

तिथली जमीन मऊ. वर पिवळट वाळूचा दगड, त्यात गावाच्या विहिरींचं पाणी. त्याच्या खाली चिकण मातीचा जाड थर, आणि त्या थराच्या खाली दुसरा दगड, त्याचं पाणी वेगळं, थेट कोळशाशी आणि खाणीशी लागलेलं. मातीचा तो थर म्हणजे दोन पाण्यांच्या मधली भिंत. आपला बोर वरच्या पाण्यावर नजर ठेवायचा, म्हणून माती लागली की थांबायचं, आणि माझ्या हिशेबानं ती एकशे वीस फुटांच्या आसपास लागणार होती. तुमचा एक रॉड वीस फुटांचा, म्हणजे सहा रॉड. सहाच्या पुढे नाही, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं.

सकाळी गावातले एक म्हातारेबाबा येऊन गाडीशेजारी उकिडवे बसले. दुपारपर्यंत बघत राहिले. मग मला विचारलं, "हे भोक सांगन का जी, आमच्या इहिरीचं पानी कुठं गेलं थे?" मी म्हटलं, सांगेल बाबा, वेळ लागेल. तुम्ही ते ऐकत होतात. चार रॉड गेले, पाच गेले, आणि बोरमधून नुसता दमट चुरा येत होता, फार तर बादलीभर पाणी. मी खूश होते. वरचं पाणी किती आटलंय याचा पुरावाच तो. तुमचा चेहरा मात्र उतरत चालला होता. म्हाताऱ्याकडे तुम्ही बघायचंच टाळत होतात.

त्यात एक गोष्ट आपण दोघंही विसरलो. तो मुलूख पूर्वेला आहे, तिथे सूर्य आपल्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं आधी मावळतो. तुम्ही घड्याळ बघून जेवणाची हाक द्यायचात. त्या दिवशी घड्याळ बघून हाक यायच्या आत मला दिसलं की सूर्य खाणीच्या मातीच्या ढिगावर आलाय. सहावा रॉड चालू होता. मी डबा काढलेला बघून तुम्ही नेहमीसारखा कॉम्प्रेसर बंद करायला हात घातलात आणि मीच म्हटलं, "आज राहू दे नाना, थोडंच राहिलंय. माती लागली की थांबा." दुसऱ्या दिवशी पाइप सोडायचा होता, मला घाई होती. तुमचा नियम मी मोडला. इथून पुढचं मी नोंदीत लिहिलेलं नाही.

मी पन्नासेक पावलांवर पळसाखाली डबा उघडून बसले. चार घास झाले असतील. आवाज खाली आला, म्हणजे सहावा रॉड संपला. मी वळून पाहिलं. धुरळ्यात तुम्ही गाडीजवळ उभे होतात, एक हात वर होता. घाम पुसत असाल किंवा वरची साखळी धरली असेल, असं मी समजले. सूर्य बोटभर उरला होता आणि भाकरी अर्धी. मी तोंड फिरवलं आणि जेवायला लागले. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि कॉम्प्रेसर पुन्हा वर चढला.

सातवा रॉड चढला हे मला कळलं, नाना. मी स्वतःला सांगितलं, भोक साफ करत असतील. भोक साफ करायला नवा रॉड लागत नाही, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक होतं. पण उठले असते तर ताट संपलं असतं, आणि दिवसभर पोटात काही नव्हतं. मी उठले नाही. भाकरी संपवली, पाणी प्यायले, हात धुतले, आणि मग आले.

आले तेव्हा बोरमधून पाण्याचा फवारा झाडाच्या उंचीला उडत होता. तुम्ही नखशिखांत भिजलेले आणि हसत होतात. दौलतनं कुठूनतरी नारळ पैदा केला होता. गावातल्या बाया घागरी घेऊन पळत येत होत्या, आणि ते म्हातारेबाबा दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारून घेत होते. "लागलं म्याडम! लय लागलं! सात रॉडात!" आणि मी तुमच्यावर ओरडले. सोळा वर्षांत ओरडले नव्हते तशी ओरडले, सगळ्यांसमोर.

"पाणी लागलंया आन् तुमी वरडताय?" तुम्ही खरोखर गोंधळला होतात.

मग मी जमिनीवर काडीनं रेघा मारून दाखवलं. हा वरचा दगड, ही माती, हा खालचा दगड. तुम्ही मातीला भोक पाडलंत. आज हवेच्या जोरानं खालचं पाणी वर आलं, पण उद्यापासून गावाचं उरलंसुरलं पाणी ह्याच भोकातून खाली जाईल, आणि खाली खाण ते उपसून टाकेल. तुम्ही त्या रेघांकडे बघत राहिलात. चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. ते बघणं मला अजून सोसत नाही.

सकाळी खाणीचा तरुण इंजिनिअर आला. सगळं ऐकून म्हणाला, "कशाला वाढवता? एकशे वीस लिहा आणि पाइप सोडा. जमिनीखालचं कोण बघायला जातंय?" तुम्ही शेजारीच उभे होतात. मी त्याला चांगलं सुनावलं. नोंद खोटी झाली तर बोर खोटा, बोर खोटा झाला तर पुढची दहा वर्षं मोजलेलं प्रत्येक पाणी खोटं, असं बरंच काही. बोलताना मला माझंच कौतुक वाटत होतं, हेही सांगून टाकते.

बुजवायचं काम तुम्ही दुसऱ्या कुणाला करू दिलं नाहीत. खाली पाइप सोडून तळापासून सिमेंट भरत आणलंत. कालचे म्हातारेबाबा कासावीस झाले. "काऊन बुजवता जी? देवानं देल्लं पानी!" मी समजावायला पुढे झाले. तुम्ही मला थांबवलंत आणि त्यांच्यापुढे स्वतः उकिडवे बसलात. "बाबा, तुमच्या हिरीतलं पाणी खाली पळून जायाची वाट म्या पाडली. माझ्या हातनं चूक झाली. ती वाट बुजवतोय." माझ्या काडीच्या रेघा त्यांना कळल्या नसत्या, हे मला लगेच कळलं. भोक वरपर्यंत भरल्यावर तुम्ही पायातलं काढून त्याला हात जोडलेत. मग दहा पावलांवर दुसरा बोर मारलात. माती लागताच कॉम्प्रेसर बंद केलात आणि सगळ्यांना गाडीपासून लांब उभं केलंत.

नंतर मी नोंदीचा कागद लिहिला. कागद इंग्रजीत होता. तुम्ही म्हणालात, मराठीत सांगा, मग सही करतो. मी सांगितलं, "भूवैज्ञानिकाची सूचना डावलून चालकाने सातवा रॉड वापरला, त्यामुळे मातीचा थर फुटला."

"डावलून म्हंजे सांगितल्यालं ऐकलं न्हाई, आसं?"

"तसंच."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.  मला वाटलं, आता विचाराल, की म्याडम, तुमी कुठं हुता? मी उत्तरही तयार ठेवलं होतं. तुम्ही हात पँटला पुसलेत आणि "बरं" म्हणून सही केलीत.

'डावलून' या एका शब्दावरून उरलेल्या बोरांचं काम तुमच्याकडून गेलं. सूचना न पाळणारी गाडी नको, असं खाणवाल्यांनी कळवलं. तुम्ही गाडी वळवलीत आणि अडीच दिवस चालवत परत कुपवाडला गेलात. मी तिथेच राहिले, दुसऱ्या गाडीवर, पुढचे बोर मारत. त्या गाडीवर माझ्या जेवणाच्या वेळी कॉम्प्रेसर कुणी बंद करत नव्हतं. तुम्ही गावी पोचायच्या आधीच गोष्ट पोचली होती, आणि तिचा विनोद झाला होता.

पुढचे चार-पाच महिने तुम्ही फोन केला नाहीत. मीही केला नाही. मग कोरेगावच्या बाजारात तुम्ही अचानक समोर आलात, हातात घेवड्याची पिशवी. "ह्ये घ्या, आमच्या रानातला हाय. बोरला पाणी कसं हाय?" मी म्हटलं, महिन्याला उतरतंय. "उतरणारच," म्हणालात आणि चहाच्या टपरीकडे वळलात. आपलं सगळं पूर्वीसारखं झालं. तुम्ही ते पूर्वीसारखं केलंत, असं म्हणायला हवं.

त्या दुसऱ्या बोरनं तीन उन्हाळे पाणी मोजलं. पाऊस चांगला झाला त्या सालीही पाणी खालीच गेलं, आणि मग कुणाला पावसावर ढकलायला जागा उरली नाही. खाणवाल्यांना गावात नळ आणावा लागला. मी तुम्हाला लगेच फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "म्हंजे मोजून मिळालं म्हणा." मी जिंकल्याच्या आनंदात होते, तोच पुढे म्हणालात, "पर म्याडम, तीन उन्हाळं त्या बायांनी काय पिलं?"  तुम्ही असतात तर आपण त्यावर आणखी दहा वर्षं भांडलो असतो.

गेल्या महिन्यात भेटायला आले तेव्हा तुम्ही खाटेवर होतात. हाताला सुई, अंगावर काकींनी शिवलेली गोधडी. काकी चहा टाकायला आत गेल्या आणि मी म्हटलं, "नाना, त्या खाणीवर, त्या दिवशी संध्याकाळी..." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "दौलतला सांगा, मागल्या जॅकचं ऑइल गळतंय." मी म्हटलं, सांगते. विषय बदलायला तुम्ही दार उघडलंत आणि मी घाईनं त्यातून बाहेर पडले. पुढच्या खेपेला बोलू, असं मनाशी म्हणत एसटीत बसले.

तेरावा झाल्यावर मी काकींना सगळं सांगितलं. रडत वगैरे नाही, जसं घडलं तसं. डबा, भाकरी, लोखंडाचा आवाज, नोंद. काकी तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मला वाटलं, जवळ घेतील किंवा शिव्या देतील. दोन्हींची माझी तयारी होती.

"मला कशाला सांगताय? म्या कवा त्येंच्यावर हसले व्हय?" त्या म्हणाल्या. "जे हसलं त्यांस्नी सांगा."

म्हणून काल सकाळी कुपवाडला गेले. गाड्या बाहेर पडायच्या आधी सगळे वेल्डिंगच्या दुकानाशेजारी चहाला जमतात, तुम्हाला ठाऊकच आहे. दहाव्याला होते त्यातले बहुतेक होते. मी उभी राहिले आणि बोलले. म्हटलं, सातवा रॉड चढला तेव्हा मी पन्नास पावलांवर होते, मला आवाज कळला होता, आणि मी जेवण सोडून उठले नाही. नानांनी ऐकलं नाही हे खरं. पण मी थांबवू शकले असते, आणि थांबवलं नाही. सही मात्र एकट्या नानांची घेतली.

 एकानं हातातला ग्लास उगीच खाली ठेवला. मग दौलत पुढे आला. माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"ऐकलं न्हाई आसं न्हवं म्याडम. रॉड म्याच चढवला. सहावा सपला तवा नानांनी गाडी थांबिवली हुती. मला म्हणालं, माती लागली, आता म्याडमला इचारल्याबिगर न्हाई. त्येंनी तुमच्याकडं बघून हात वर केला, घालू का आनखी एक, म्हणून. तुमी वळून बघितलं. सरळ बघितलं. आन् परत जेवाय लागला. नाना म्हणालं, नगं म्हणाल्या न्हाईत, म्हंजे चालतंय, घाल."

मी तिथल्या बाकावर बसले.

"आन् मग सही?" कुणीतरी त्याला विचारलं.

"गाडी परत आणताना म्या बी त्येच इचारलं. म्हणालं, त्येंचं काम आजून तिथं चालू ऱ्हायाचं हाय, आपलं काय, आपुन गावाकडं चाललोय. आन् मला गप ऱ्हायला लावलं."

नाना, आठ वर्षं मी समजत होते की तुम्ही माझी चूक झाकलीत. मला वाटायचं, चूक तुमची, तिच्या कडेला थोडी माझी. तुम्ही माझं ऐकलं होतंत. तुम्ही थांबला होतात. मी तुम्हाला वाचून दाखवलेलं ते वाक्य खोटं होतं, ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि त्याआधी मी खऱ्या नोंदीवर दिलेलं भाषणही तुम्ही शेजारी उभं राहून ऐकलं होतंत. तरी "बरं" म्हणालात. मला तुमचा रागही येतोय, खरं सांगते. एकदा तरी तोंडावर बोलायला हवं होतंत. मी रडले असते, भांडले असते, पण माणसात आले असते.

काल दुपारी घरी येऊन मी त्या नोंदीची दुरुस्ती लिहिली. आठ वर्षांपूर्वीच्या कागदाची दुरुस्ती कुणी मागितलेली नाही, आणि ती वाचून कुणी तुमची गाडी परत बोलावणार नाही. तरी टपालानं पाठवली, खाली माझी सही आहे, आणि तिची एक प्रत दौलतनं चहाच्या दुकानात भिंतीला लावली आहे. चारच ओळी आहेत.

"या बोरच्या मूळ नोंदीत चालकाने सूचना डावलल्याचे मी लिहिले आहे. ते खरे नाही. सहावा रॉड संपल्यावर चालक थांबला होता आणि पुढे जावे का, असे त्याने मला हात करून विचारले होते. मी पाहिले, आणि उत्तर दिले नाही."